कायद्याचे शब्द आणि न्यायालयाचा अन्वयार्थ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कायद्यात लिहिले आहे एक आणि न्यायालयाने अर्थ लावला दुसराच, अशा आशयाची अनेक पत्रे आली आहेत. त्यांतील काही निवडक प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. आपल्या प्रत्यक्ष वादासाठी मूळ कागदपत्रे आपल्या वकिलांना दाखवणे आवश्यक आहे.

प्रश्न : मी व्यापारी आहे. एखादा माल कराच्या कोणत्या नोंदीत बसतो, यावरून अधिकाऱ्यांशी वारंवार वाद होतात. कायद्यात व्याख्या दिलेली नसेल, तर शब्दाचा अर्थ कशावरून ठरतो? शब्दकोशावरून, शास्त्रावरून की बाजारातील वापरावरून?
— एक व्यापारी, अकोला

उत्तर : या विषयावर नेहमी आधाराला घेतला जाणारा एक निकाल आपल्या अकोल्याच्याच व्यापाऱ्याच्या प्रकरणातला आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या 1947 च्या विक्रीकर कायद्यात भाजीपाल्याला करातून सूट होती. विड्याच्या पानांचे व्यापारी असलेल्या रामावतार बुधाईप्रसाद यांचे म्हणणे असे, की पान ही वनस्पतीच असल्याने ती भाजीपाल्यात मोडते आणि म्हणून तिच्यावर कर लागू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये हे म्हणणे फेटाळले. कायद्यात व्याख्या नसलेला रोजच्या वापरातला शब्द वनस्पतिशास्त्राच्या अंगाने वाचायचा नसतो. ज्यांचा त्या मालाशी नित्य संबंध येतो, त्या सामान्य माणसांच्या बोलण्यात त्याचा जो अर्थ आहे तोच घ्यायचा असतो, असे न्यायालयाने सांगितले. भाजी आणायला मंडईत पाठवलेला माणूस विड्याची पाने घेऊन परतला, तर त्याने सांगितलेले काम केले असे घरातले कोणीही म्हणणार नाही.

या निकालाचे दुसरे कारण सहसा सांगितले जात नाही, पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने तेच अधिक उपयोगाचे आहे. मूळ कायद्याच्या सूट-यादीत ‘भाजीपाला’ आणि ‘विड्याची पाने’ अशा दोन स्वतंत्र नोंदी होत्या आणि 1948 च्या दुरुस्तीने पानांची नोंद वगळण्यात आली होती. विधिमंडळाने एक वस्तू वेगळी नोंदवली आणि पुढे ती जाणीवपूर्वक काढून टाकली, याचा अर्थ ती मुळात भाजीपाल्यात धरलेली नव्हती. म्हणून वादातली नोंद वाचताना तिच्या शेजारच्या नोंदी, तिच्यात झालेल्या दुरुस्त्या आणि दुरुस्तीपूर्वीचा मजकूर हे सर्व काढून पाहावे. पुढे 1977 मध्ये पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात हिरवे आले भाजीत मोडते, असा निर्णय याच कसोटीवर झाला. तिथल्या कायद्यातच ‘सब्जी, तरकारी किंवा शाक’ म्हणून सर्वसाधारणपणे ओळखला जाणारा भाजीपाला, असा उल्लेख होता.

बाजारातला अर्थ पाहूनही संदिग्धता उरलीच, तर काय? पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 2018 मध्ये दिलीपकुमार कंपनीच्या प्रकरणात याचे उत्तर दिले आहे. कर बसवणाऱ्या तरतुदीतील संदिग्धतेचा फायदा करदात्याला मिळतो. कर माफ करणाऱ्या अधिसूचनेतील संदिग्धतेचा फायदा मात्र शासनाला मिळतो. आपला वाद या दोहोंपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे वकिलांशी बोलताना सर्वप्रथम निश्चित करावे.

प्रश्न : माझे वडील 1998 मध्ये वारले. वडिलोपार्जित जमिनीत मला भावांइतका हिस्सा आहे का, असे 2016 मध्ये विचारले असता, ‘वडील 2005 पूर्वी गेल्यामुळे हक्क नाही’ असे सांगण्यात आले. आता तेच वकील हक्क आहे म्हणतात. मधल्या काळात कायदा बदललेला नाही. मग उत्तर कसे बदलले?
— एक भगिनी, मिरज

उत्तर : ताई, आपल्या वकिलांनी दोन्ही वेळी त्या-त्या काळचे प्रचलित उत्तर दिले. कायद्याचा शब्द बदलला नाही हेही खरे आहे. बदलला तो त्या शब्दांचा सर्वोच्च न्यायालयाने लावलेला अर्थ.

हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 6 मध्ये 9 सप्टेंबर 2005 पासून दुरुस्ती अमलात आली. मिताक्षरा या हिंदू वारसापद्धतीच्या एकत्र कुटुंबात, दुरुस्तीच्या प्रारंभापासून, सहदायादाची (कुटुंबाच्या सामाईक मिळकतीत जन्मतः हिस्सा असणाऱ्याची) मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः स्वतःच्या हक्काने सहदायाद होईल, असे हे कलम सांगते. या एका वाक्यात एकमेकांना ओढणारे दोन दोर आहेत. ‘प्रारंभापासून’ हा शब्दप्रयोग पुढच्या काळाकडे पाहतो, तर ‘जन्मतः’ हा शब्द मागे, मुलीच्या जन्मापर्यंत जातो. सगळा वाद याच ताणातून उभा राहिला.

प्रकाश विरुद्ध फुलवती या 2015 च्या निकालात दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने पहिल्या दोराला महत्त्व दिले. दुरुस्ती पूर्वलक्षी नाही, कायदा ‘सहदायादाची मुलगी’ असे म्हणतो, सबब 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील सहदायाद म्हणून हयात असले पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपल्याला 2016 मध्ये मिळालेला सल्ला यावर आधारलेला होता. नंतर 2018 मध्ये दानम्मा विरुद्ध अमर या प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्याच दुसऱ्या खंडपीठाने, वडील 2001 मध्ये वारलेले असतानाही, मुलींना हिस्सा दिला. समान संख्येच्या दोन पीठांची मते जुळेनाशी झाली, की प्रश्न मोठ्या पीठाकडे जातो. त्याप्रमाणे तो तीन न्यायमूर्तींपुढे गेला आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात त्याचे उत्तर मिळाले : वडील त्या तारखेस हयात असण्याची आवश्यकता नाही.

हा निष्कर्ष न्यायालयाने सहानुभूतीतून काढला, असा समज मी अनेकांकडून ऐकला आहे आणि तो बरोबर नाही. न्यायालयाने आधार घेतला तो मिताक्षरेच्याच जुन्या भेदाचा. दाय, म्हणजे वारशाने येणारी मिळकत, दोन प्रकारचा असतो, अप्रतिबंध आणि सप्रतिबंध. मालकाच्या मृत्यूनंतरच ज्यात हक्क निर्माण होतो तो सप्रतिबंध दाय. जन्माबरोबरच ज्यात हक्क लाभतो तो अप्रतिबंध दाय. सहदायिकीतील, म्हणजे सहदायादांच्या सामाईक मिळकतीतील, हक्क या दुसऱ्या प्रकारचा असतो. मुलगा हा हक्क वडिलांच्या मृत्यूमुळे मिळवत नाही, तर जन्मामुळे मिळवतो. आणि कायदा म्हणतो की मुलीला तो ‘मुलाप्रमाणेच’ मिळेल. मग वडील कधी वारले हा प्रश्न मुलाच्या बाबतीत गैरलागू असताना मुलीच्या बाबतीत लागू करणे म्हणजे कायद्यात नसलेली अट घालणे होय. हक्काचा उगम जन्मात, पण त्याचा वापर मात्र 9 सप्टेंबर 2005 पासून पुढे, अशी दोन दोरांची सांगड न्यायालयाने घातली. मला हे वाचन शब्दांना अधिक प्रामाणिक वाटते, कारण त्यात ‘जन्मतः’ हा शब्द निरर्थक ठरत नाही. विधिमंडळाने वापरलेला कोणताही शब्द वाया जाईल असा अर्थ टाळावा, हा अन्वयार्थाचा फार जुना नियम आहे.

आता आपल्या बाबतीत तपासून पाहण्याच्या गोष्टी. पहिली म्हणजे, 20 डिसेंबर 2004 पूर्वी कुटुंबात वाटणी झाली होती का? दुरुस्तीचे विधेयक त्या दिवशी राज्यसभेत मांडले गेले आणि त्याआधी झालेल्या वाटण्या कायद्याने कायम ठेवल्या आहेत. मात्र अशी वाटणी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली असली पाहिजे. ‘तोंडी वाटणी झाली होती’ हा भावांचा बचाव, सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल अशा अपवादात्मक परिस्थितीतच मान्य होऊ शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे, आपण हक्कसोडपत्रावर सही केली आहे का? केली असल्यास त्याची तारीख, त्यातील मजकूर आणि ते नोंदवले गेले का, हे पाहिल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही. तिसरी गोष्ट, जमीन खरोखर वडिलोपार्जित आहे की वडिलांनी स्वतः मिळवलेली? स्वतः मिळवलेल्या आणि मृत्युपत्र न केलेल्या मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा वारसा 1956 पासूनच आहे आणि तिथे या साऱ्या वादाचे कारण उरत नाही.

जाता जाता एक नोंद. महाराष्ट्राने 1994 मध्येच राज्य दुरुस्ती करून मुलींना सहदायाद केले होते, परंतु 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीत विवाहित-अविवाहित असा भेद नाही. आपल्या लग्नाचे वर्ष पत्रात नाही; आजच्या कायद्यानुसार ते महत्त्वाचेही नाही.

प्रश्न : फौजदारी कायद्याचा अर्थ आरोपीला अनुकूल असाच काटेकोर लावला पाहिजे, असे आम्हांला शिकवले जाते. मग ‘त्वचेला त्वचेचा स्पर्श’ म्हणून गाजलेला नागपूर खंडपीठाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने का उलटवला?
— विधी शाखेचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या 2012 च्या अधिनियमाचे, म्हणजे पोक्सोचे, कलम 7 दोन भागांत आहे. पहिल्या भागात लैंगिक हेतूने शरीराच्या विशिष्ट अवयवांना केलेल्या स्पर्शाचा उल्लेख आहे, तर दुसऱ्यात लैंगिक हेतूने केलेल्या, शारीरिक संपर्क असलेल्या अन्य कोणत्याही कृतीचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये असे मत व्यक्त केले, की कपड्यांवरून झालेला स्पर्श थेट शारीरिक संपर्क ठरत नाही; शिक्षा कठोर असल्याने पुरावाही तितकाच काटेकोर हवा. त्यामुळे आरोपीची पोक्सोखालील शिक्षा रद्द होऊन तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम 354 खालची (विनयभंगाची) कमी शिक्षा उरली. भारताचे महान्यायवादी स्वतः या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 18 नोव्हेंबर 2021 रोजी तो रद्द झाला.

आपल्याला शिकवलेला नियम खरा आहे, परंतु तो अर्धाच सांगितला जातो. इतर सर्व मार्गांनी वाचूनही तरतुदीला दोन तुल्यबळ अर्थ उरत असतील, तरच त्यांतील सौम्य अर्थाचा लाभ आरोपीला मिळतो. संदिग्धता अगोदर असावी लागते. नियम लावता यावा म्हणून ती निर्माण करता येत नाही. ‘स्पर्श’ आणि ‘शारीरिक संपर्क’ या शब्दांत वस्त्राचा अडथळा नसावा, अशी अट कुठेच नाही. ती वाचनातून घातली गेली आणि ती मान्य केली असती, तर हातमोजे घालून केलेले कृत्यही कायद्याच्या बाहेर पडले असते. बालकांच्या संरक्षणासाठी केलेला कायदा त्याच हेतूला मारक ठरेल असा अर्थ स्वीकारता येणार नाही आणि कलम 7 चा गाभा लैंगिक हेतू हा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. परीक्षेत उत्तर लिहिताना, कायद्याने दूर करू पाहिलेल्या दोषाकडे पाहून अर्थ लावण्याच्या पद्धतीचा उगम म्हणून 1584 च्या इंग्लंडमधील हेडनच्या खटल्याचा उल्लेख करावा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत 1955 मध्ये बेंगॉल इम्युनिटी प्रकरणात स्वीकारली.

प्रश्न : अपील दाखल करण्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस रविवारी आला, तर?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कार्यालय उघडेल त्या पुढच्या दिवशी दाखल केलेले अपील मुदतीतच धरले जाते. केंद्रीय कायद्यांसाठी 1897 च्या सर्वसाधारण खंड अधिनियमाचे कलम 10 आणि न्यायालयीन दाव्यांसाठी मुदत अधिनियमाचे कलम 4 हेच सांगते. मात्र ही सवलत विहित मुदतीपुरती आहे. लवाद निवाड्याला आव्हान देण्यासाठी तीन महिन्यांनंतर विलंब माफ करून मिळणारे वाढीव तीस दिवस हे ‘विहित मुदत’ नव्हेत, असा निर्णय 2012 मध्ये झाला आहे. वाढीव मुदत सुटीच्या दिवशी संपत असेल, तर गाफील राहू नये.

प्रश्न : मुंबई महानगरपालिका कायद्यात पदपथावरील अतिक्रमण ‘सूचना न देता’ हटवता येईल, असे स्पष्ट लिहिले आहे. तरीही न्यायालय सूचना द्या म्हणते. शिवाय राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मध्ये ‘उपजीविका’ हा शब्दच नाही, मग उपजीविकेचा हक्क त्यात आला कुठून?
— एक निवृत्त अभियंता, डोंबिवली

उत्तर : आपले दोन्ही प्रश्न ज्या प्रकरणात एकत्र आले, ते ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका हे प्रकरण होय. मुंबईतील पदपथांवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जुलै 1981 मध्ये केली. तिला दिलेल्या आव्हानाचा निकाल पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 10 जुलै 1985 रोजी दिला. निकालपत्र सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांचे होते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका साध्या व्याकरणिक निरीक्षणात आहे. 1888 च्या महानगरपालिका कायद्याचे कलम 314 आयुक्तांना सूचना न देता अतिक्रमण हटवता येईल, असे म्हणते. सूचना देऊ नये, असे म्हणत नाही. ते अधिकार देते, आज्ञा देत नाही. बाधित माणसाला ऐकून घेण्याचे तत्त्व कायद्याने स्पष्ट शब्दांत वगळलेले नसेल, तर ते गृहीत धरायचे असते. म्हणून सूचना देणे हा नियम आणि तातडीच्या प्रसंगी ती न देणे हा अपवाद, असे वाचून न्यायालयाने कलम वैधही ठरवले आणि त्याला वेसणही घातली. हा निकाल पदपथवासीयांनी जिंकला, असे अनेकदा लिहिले जाते. तसे पूर्णांशाने झाले नाही. आमच्यापुढे म्हणणे मांडण्याची संधी त्यांना मिळाली आहे, तेव्हा पुन्हा सुनावणीची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि पावसाळा संपेपर्यंत, 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, त्यांना हटवू नये एवढा दिलासा दिला. 1976 च्या गणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा देण्याचे आश्वासन शासनाकडून कायम राहिले. तत्त्व मोठे आणि पदरात पडलेला लाभ लहान, असा हा निकाल आहे आणि सुनावणीबाबतचे त्यातले उत्तर मला आजही अपुरे वाटते. ऐकून घेण्याचे कर्तव्य ज्याच्यावर आहे त्याने ते टाळले, तर ते न्यायालयाच्या सुनावणीने कसे पुरे होणार?

दुसऱ्या प्रश्नासाठी थोडे मागे जावे लागते. कायद्याद्वारे प्रस्थापित कार्यपद्धती अनुसरल्याखेरीज कोणाही व्यक्तीला जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्यापासून वंचित केले जाणार नाही, एवढेच अनुच्छेद 21 म्हणतो. संविधान सभेने ‘कार्यपद्धती’चे हे शब्द विचारपूर्वक निवडले होते. अमेरिकी घटनेतील ‘ड्यू प्रोसेस’ (कायद्याची रास्त प्रक्रिया) या व्यापक शब्दयोजनेमुळे न्यायाधीश कायदेमंडळाच्या डोक्यावर बसतील, अशी भीती होती आणि घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांच्या मनात तिला बळ मिळाले ते अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्याशी झालेल्या चर्चेतून. स्वाभाविकच 1950 च्या ए. के. गोपालन प्रकरणात न्यायालयाच्या बहुमताने अर्थ लावला, की संसदेने रीतसर केलेला कायदा असला की पुरे; तो न्याय्य आहे का, हे या अनुच्छेदाखाली तपासायचे नाही. हे वाचन शब्दाला धरून होते. त्याची किंमत आणीबाणीत कळली. 1976 च्या ए.डी.एम. जबलपूर प्रकरणात, स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा मार्गच बंद आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवले. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांची मते याच्या विरुद्ध होती. भिन्न मत देणारे एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना होते.

दोन वर्षांनी, मनेका गांधी यांचे पारपत्र कारण न सांगता जप्त केल्याच्या प्रकरणात, 1978 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने ‘कार्यपद्धती’ म्हणजे कसलीही पद्धत नव्हे, ती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे, असे सांगितले. समानतेचा, स्वातंत्र्याचा आणि जीविताचा अनुच्छेद वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून वाचता येत नाहीत, हे त्यामागचे तत्त्व 1970 च्या बँक राष्ट्रीयीकरण प्रकरणातच मांडले गेले होते. एकदा हे मान्य झाले, की ओल्गा टेलिसचे पाऊल फार लांबचे राहत नाही : माणसाचे जीवित हिरावण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याचे जगण्याचे साधन काढून घेणे, तो मार्ग मोकळा ठेवून जीविताचा हक्क शाबूत आहे, असे म्हणता येत नाही. उपजीविका हा शब्द अनुच्छेदात नाही, पण त्याच्याशिवाय अनुच्छेदातला ‘जीवित’ हा शब्द पोकळ होतो, असा हा तर्क आहे. यातून राज्याने प्रत्येकाला रोजगार द्यावा, असा अर्थ न्यायालयाने काढलेला नाही. असलेली उपजीविका न्याय्य पद्धतीशिवाय काढून घेऊ नये, इतकाच तो आहे.

1976 च्या बहुमतात असलेले आणि 1985 चे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती चंद्रचूड एकच होत. जबलपूरचा निकाल शेवटी 2017 च्या खासगीपणाच्या खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्टपणे चुकीचा ठरवला, तेव्हा त्या खटल्याची निकालपत्रे लिहिणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते.

प्रश्न : हे सर्व वाचून असे वाटते, की न्यायालयाला हवा तो अर्थ काढता येतो. मर्यादा म्हणून काही उरतच नाही का?
— एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : बाई, मर्यादा आहे, परंतु ती रेघ मारून दाखवण्याजोगी नाही, हे मान्य केले पाहिजे. व्यवहारात दोन कृतींमधला फरक पाहिला जातो. व्यापक शब्दांतील घटनाबाह्य भाग वगळून उरलेली तरतूद टिकवणे ही एक कृती. केदारनाथ सिंह प्रकरणात 1962 मध्ये राजद्रोहाचे कलम हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी देण्याच्या प्रवृत्तीपुरते सीमित केले गेले. 2018 मध्ये नवतेज जोहर प्रकरणात, समलिंगी संबंधांनाही गुन्हा ठरवणाऱ्या दंड संहितेच्या कलम 377 मधून प्रौढांमधील संमतीचे संबंध वगळले गेले. यात न्यायालय कायद्याचा पसारा कमी करते. कायद्यात नसलेली नवी योजना शब्द घालून उभी करणे ही दुसरी कृती, आणि तिथे न्यायालय बहुधा थांबते.

17 ऑक्टोबर 2023 चा सुप्रियो प्रकरणाचा निकाल याचे ठळक उदाहरण आहे. 1954 च्या विशेष विवाह अधिनियमात पुरुषाचे वय एकवीस आणि स्त्रीचे अठरा अशी शब्दयोजना आहे. ती ‘व्यक्ती’ अशी वाचून समलिंगी विवाहांना मान्यता द्यावी, अशी मागणी होती. घटनापीठातील पाचही न्यायमूर्तींनी ती नाकारली. एक शब्द बदलला, की त्याच्याशी जोडलेल्या वारसा, दत्तक, पोटगी अशा कितीतरी कायद्यांतील तरतुदी हलतात आणि त्या नव्याने बसवणे हे संसदेचे काम आहे, हे त्यामागचे प्रमुख कारण होते. नागरी सहजीवनाला (विवाह न म्हणता जोडप्याच्या नात्याला दिलेल्या कायदेशीर दर्जाला) मान्यता आणि दत्तकाचा हक्क यांवर मात्र पीठ तीन विरुद्ध दोन असे विभागले गेले. मूळ प्रश्नावर एकमत आणि त्याच्या परिणामांवर मतभेद, हे पाहिल्यावर ‘हवा तो अर्थ’ ही आपली शंका पुरती दूर होणार नाही, पण बरीच कमी होईल. या निकालावरील पुनर्विलोकन याचिका जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या असून आता या विषयावर कायदा करायचा की नाही, हे संसदेने ठरवायचे आहे.